नमुन्याबरहुकूम केले, तरी वर्तुळ उमटेना

पुस्तकात छापलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवून काढला, कंस आणि अर्धविराम चारचारदा ताडून पाहिले, आणि तरीही संगणक 'फाइल सापडत नाही' म्हणून अडून बसला, तर चूक कोणाची? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. पुस्तक छापील, संगणक तर चुकूच शकत नाही, तेव्हा चूक मुलाची. मूलही तसेच मानते. मुलगी असेल तर जरा लवकरच मानते, कारण 'हे तुझे क्षेत्र नव्हे' असे सांगणारे कोणी ना कोणी आसपास असतेच.

हे लिहायला निमित्त झाले ते कोलकात्याहून आलेल्या एका पत्राचे. पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमानांच्या नोकरीमुळे गेली अकरा वर्षे दक्षिण कोलकात्यात राहतात. गणपतीत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात जाणे-येणे असते, एरवी शेजार सगळा बंगाली. मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्रकलेची आवड, म्हणून संगणकावर चित्रे काढण्याचा, म्हणजे ग्राफिक्सचा विषय तिने हौसेने घेतला. कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावरून एक पुस्तक आणले. पहिलाच धडा होता पडद्यावर एक वर्तुळ काढण्याचा. बारा ओळींचा प्रोग्रॅम. चार रात्री ती त्याच्याशी झगडली. चौथ्या रात्री म्हणाली, "आई, बाकी सगळ्यांना येते, मलाच येत नाही. मी बी.कॉम.ला जाते."

बाईंचे प्रश्न साधे आहेत. क्लास लावावा का? नवा संगणक घ्यावा का? आणि तिसरा, तो बहुधा लिहू की नको असे करत लिहिलेला : तिला हे खरेच झेपत नसेल का?

प्रोग्रॅमची प्रत त्यांनी पत्राला जोडली होती. त्या बारा ओळींत एकही चूक नाही.

मग अडते कुठे? कोलकात्यात संसार करणाऱ्या मराठी गृहिणीला हे स्वयंपाकघरातूनच चटकन कळेल. शेजारच्या काकीमा चच्चडीची कृती सांगतात, "तेल तापले की पाच फोडोन टाक." आपण म्हणतो, हे तर सोपे आहे, ही आपली फोडणीच. मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, मोजून पाच. भाजी होते, पण काकीमांच्या घरासारखी होत नाही. कारण त्यांच्या पाच फोडोनमध्ये मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि रांधुनी किंवा तिच्या जागी मोहरी असते, आणि ही रांधुनी साताऱ्याच्या वाण्याकडे मागितली तर तो आपल्याकडेच बघत राहील. काकीमांनी काही लपवलेले नसते. त्यांच्या घरात तो डबा पिढ्यान्पिढ्या फडताळात आहे, म्हणून तो सांगावा लागतो हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

प्रोग्रॅमची पहिली ओळ ही अशाच एका डब्याची मागणी असते. 'ग्राफिक्स.एच नावाची फाइल घे', एवढेच ती सांगते. ही फाइल कोणाकडे मिळते, कुठे ठेवायची, तिच्याबरोबर आणखी काय लागते, हे पुस्तकात नसते. लेखकाच्या संगणकात ती आधीपासून होती ना!

आता थोडे खोलात जाऊ, कारण इथेच मुलांचा गोंधळ होतो. आपण लिहिलेला मजकूर संगणकाला कळेल अशा रूपात आणण्याचे काम कंपायलर करतो. वर्तुळ कसे काढायचे हे आपण लिहीत नाही, ते दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेले असते आणि त्या तयार सामानाला लायब्ररी म्हणतात. लायब्ररीबरोबर एक हेडर फाइल येते. हेडर म्हणजे वाण्याची यादी आणि लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष वाणसामान, असे समजावे. कंपायलर फक्त यादी पाहतो. 'वर्तुळ' नावाचा जिन्नस यादीत आहे ना? आहे, मग पुढे चला. त्यानंतर लिंकर नावाचा दुसरा कारागीर येतो, तो प्रत्यक्ष सामान आणून प्रोग्रॅमला जोडतो. आणि पुष्कळदा सामानाचा काही भाग अगदी शेवटी, प्रोग्रॅम चालवताना, वेगळ्या फाइलीतून आणायचा असतो.

म्हणजे अडण्याच्या जागा तीन. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे आले, तर यादीच सापडली नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे आले, तर यादी सापडली, पण सामान मिळाले नाही. आणि अमुक डीएलएल नाही म्हणून चौकट उघडली, तर प्रोग्रॅम तयार झाला, फक्त चालवताना लागणारी फाइल जवळ नाही. नवशिक्या मुलाला हे तिन्ही निरोप सारखेच दिसतात : इंग्रजी, रागीट, न कळणारे. एक चूक मोठ्या कष्टाने निस्तरली की लगेच दुसरी, अधिक लांबलचक चूक पुढे येते आणि मुलाला वाटते, आपण होते तेही बिघडवले. खरे तर तो एक पायरी वर चढलेला असतो. हे त्याला सांगणारे कोणी नसते.

ग्राफिक्स.एच ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. आपल्या देशात हजारो मुलांनी पडद्यावरचे पहिले वर्तुळ याच फाइलीच्या मदतीने काढले. ही फाइल बोरलँड नावाच्या अमेरिकन कंपनीची. त्यांचा टर्बो सी हा कंपायलर १९८७ साली आला. तेव्हा विंडोज घरोघर नव्हते, डॉस होते. आपल्या महाविद्यालयांनी टर्बो सी असा काही उचलून धरला की जग पुढे निघून गेले तरी प्रयोगशाळांतून तो निळा पडदा हलला नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हातात आणि समोर टर्बो सी, अशी एक अख्खी पिढी तयार झाली. त्या पिढीचे भले झाले, हे मान्यच केले पाहिजे. पण आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो जुना कंपायलर सरळ चालत नाही, डॉसचे सोंग आणणारा डॉसबॉक्ससारखा वेगळा प्रोग्रॅम आधी लागतो. आणि आज मुले घरी जो जीसीसी कंपायलर घेतात, त्याच्याबरोबर ग्राफिक्स.एच येतच नाही. ती बोरलँडची खाजगी वस्तू होती. जुने पुस्तक मात्र अजून तीच मागते. कॉलेज स्ट्रीटवरचे पुस्तक स्वस्त मिळाले, पण त्याच्या फडताळातला डबा केव्हाच बंद पडलेल्या दुकानातला निघाला.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात मायकेल मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंडोजसाठी विनबीजीआयएम नावाची लायब्ररी तयार केली. जुने टर्बो सीचे चित्रांचे प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालावेत, हा तिचा हेतू. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो आणि दुरुस्तही करता येतो. आता ती बसवायची कशी? दोन हेडर फाइली कंपायलरच्या एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. लायब्ररीची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये. मग लिंकरला सहा नावे सांगायची. त्यांतले एक लायब्ररीचे आणि उरलेली पाच विंडोजच्याच निरनिराळ्या भागांची. त्यातही प्रोग्रॅमची फाइल नुसत्या .सी नावाने ठेवली तर चालत नाही, कारण ही लायब्ररी सी++ या भाषेची आहे, नावाच्या शेवटी.सीपीपी हवे. शिवाय लायब्ररीची सर्वत्र मिळणारी तयार फाइल बत्तीस बिटांची. कंपायलर चौसष्ट बिटांचा असला तर फाइल डोळ्यांसमोर असूनही लिंकर 'सापडत नाही' म्हणतो. इतके सगळे एका वर्तुळासाठी!

आणि याच्यावर कडी म्हणजे ३०२ क्रमांकाची ओळ. या लायब्ररीची जी ग्राफिक्स.एच मुले उतरवून घेतात, तिच्या तीनशे दोनाव्या ओळीत लेखकांच्या हातून एक चूक राहून गेली आहे. डावी बाजू, वरची बाजू, उजवी बाजू, खालची बाजू अशी चार नावे तिथे ओळीने यायला हवीत. तिथे 'वरची' ऐवजी 'उजवी' पडले आहे, म्हणजे 'उजवी' दोनदा. आजचा कंपायलर एकच नाव दोनदा आलेले खपवून घेत नाही. तो तिथेच थांबतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे : पहिल्या 'राइट' च्या जागी 'टॉप' लिहावे. पण हा अर्धा मिनिट सापडेपर्यंत किती मुलांनी आपल्याच बारा ओळी पुन्हा पुन्हा तपासल्या असतील! विद्यापीठातल्या माणसांनी लिहिलेल्या फाइलीत चूक असेल आणि आपल्या वहीत नसेल, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मनात येणार तरी कसे?

ज्या महाविद्यालयांनी टर्बो सी सोडले, त्यांतली पुष्कळ ओपनजीएलकडे वळली. हे १९९२ साली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने आणलेले मानक. त्याच्याबरोबर खिडकी उघडायला, माउसचे टिचकणे टिपायला ग्लट ही छोटी लायब्ररी वापरत. मार्क किलगार्ड यांनी ती लिहिली, पण तिच्यात फेरफार करून ती पुढे वाटण्याची मुभा नव्हती, म्हणून १९९९ मध्ये फ्रीग्लट ही मोकळी लायब्ररी निघाली. उबुंटूसारख्या लिनक्सवर हिची गंमत निराळी. एखादा खेळ बसवला की त्याच्याबरोबर लायब्ररी आपोआप येते. मुलाला वाटते, आली! पण हेडर आलेले नसते. खाणाऱ्याला ताट पुरते, रांधणाऱ्याला शिधा लागतो. नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेला वेगळा संच घ्यावा लागतो, त्यात ती यादी असते. शिवाय आज्ञा देताना आधी आपली फाइल आणि मग लायब्ररीची नावे, असा क्रम ठेवावा लागतो. उलट लिहिले तर सगळे काही जागेवर असून 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येऊ शकतो. एसडीएल, रेलिब या लायब्ऱ्याही चांगल्या आहेत, त्यांचे नमुने सुबक असतात, पण नवख्या माणसाची पहिली संध्याकाळ तिथेही सामान लावण्यातच जाते.

आता 'बाकी सगळ्यांना येते' या वाक्याकडे वळू. मला त्याचीच अधिक काळजी वाटते. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर हे सारे कोणीतरी आधीच लावून ठेवलेले असते. मुले तिथे येतात, बारा ओळी लिहितात, वर्तुळ उमटते. ज्यांच्या घरी थोरला भाऊ किंवा मामा या धंद्यात आहे, त्यांचा संगणक एका रविवारी लावून मिळतो. चांदनी चौकातून जुळवून आणलेला संगणक, आई-वडिलांपैकी कोणीही या क्षेत्रातले नाही, अशा घरातली मुलगी एकटी पडते. फरक बुद्धीचा नसतो, डबा कोणी भरून दिला याचा असतो. आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या कॉलेजात सरांनी या अडचणीवर "ते तुमचे तुम्ही बघा, अभ्यासक्रमात नाही" असे उत्तर दिले होते. अभ्यासक्रमात नाही हे खरे, पण त्यावाचून अभ्यासक्रमाचे पहिले पानही उलटत नाही.

बंगालमध्ये सरस्वती पूजेला लहान मुलांची 'हातेखडी' करतात. वडीलधारे माणूस मुलाला मांडीवर घेते, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवते आणि पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेते. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात, तसेच. पहिले अक्षर मुलाने एकट्याने शोधून काढावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. पहिल्या प्रोग्रॅमला मात्र आपण नेमके तेच करायला लावतो, आणि न जमले तर त्यावरून त्याची पात्रता ठरवतो.

लायब्ऱ्या लिहिणाऱ्यांना मी फार दोष देणार नाही. पुष्कळसे लोक ते काम नोकरी सांभाळून, विनामोबदला करतात. नवे काही रचण्यात त्यांना रस असतो. ते कसे बसवायचे याची टिपणे लिहिणे हे भांडी घासण्याइतके कंटाळवाणे काम मागे राहते. शिवाय आज लिहिलेले टिपण कंपायलर बदलला की शिळे होते. महाविद्यालयांना मात्र ही सबब देता येणार नाही. पहिला तास नुसती रिकामी खिडकी उघडून दाखवण्यात घालवला तर वर्षाचे काही बिघडत नाही.

कोलकात्यातल्या मुलीने तर या बाबतीत मुळीच कमीपणा मानू नये. भारतातला पहिला अंकीय संगणक याच शहराच्या उत्तरेला, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापलेली ही संस्था. एचईसी-२एम नावाचे ते यंत्र इंग्लंडहून १९५५ मध्ये आले आणि १९५६ मध्ये सुरू झाले. त्या काळी आजच्यासारखी लायब्ररी नव्हती, आजच्यासारखी भाषाही नव्हती. आज्ञा थेट यंत्राच्या आकड्यांत लिहायच्या. पुढे याच संस्थेने आणि जादवपूर विद्यापीठाने मिळून १९६६ मध्ये आयएसआयजेयू-१ हा संगणक स्वतः बांधला. परक्या यंत्रासमोर बसून 'हे का चालत नाही' हे हुडकणे, हाच त्या माणसांचा दिवसभराचा उद्योग होता. त्याला कोणी नापास होणे म्हटले नाही.

तेव्हा करायचे काय? क्लासची घाई नको, नव्या संगणकाची तर मुळीच नको. पडद्यावर तीस चुका आल्या तरी पहिली तेवढी वाचावी. पुढच्या एकोणतीस पुष्कळदा तिच्याच पोटच्या असतात. ती कोणत्या फाइलीत आहे हे पाहावे. तिथे आपल्या फाइलीचे नाव नसेल, तर आपल्या ओळी तपासण्यात रात्र घालवू नये. वर्तुळाचा नाद एक दिवस सोडून, चित्र नसलेला, नुसते नाव छापणारा प्रोग्रॅम आधी चालवून पाहावा. तो चालला म्हणजे कंपायलर ठीक आहे आणि अडचण लायब्ररीपुरती उरते. मग एक रिकामी खिडकी. मग वर्तुळ. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाने छोटे छोटे बोलके पाठ तयार केले आहेत, त्यांत सी आणि सी++ चे पाठ मराठीतही आहेत, बंगालीतही. पाठ एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला तसेच करत जायचे, अशी त्यांची पद्धत आहे. आईलाही सोबत बसता येईल. विषय कळला पाहिजे असे नाही. 'आधी कोणती चूक होती आणि आता कोणती आहे' एवढे विचारणारे माणूस शेजारी असले तरी पुष्कळ फरक पडतो.

कोणाला विचारायचे झाले तर 'चालत नाही' एवढेच विचारू नये. डॉक्टरला 'बरे वाटत नाही' सांगून तो काय करणार? संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, कंपायलर कोणता व कितवा, लायब्ररी कुठून घेतली, कोणती आज्ञा दिली आणि पहिली चूक अक्षरशः काय आली, हे पाच मुद्दे लिहून द्यावेत. अनोळखी माणसेही मग आनंदाने उत्तर देतात, कारण त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी याच जागी अडलेला असतो.

वर्तुळ उमटले की त्याच दिवशी, झोप येत असली तरी, काय काय केले ते एका पानावर उतरवून ठेवावे. कोणती फाइल कुठे ठेवली, लिंकरला कोणती नावे सांगितली, कोणती ओळ बदलली. असे पान ज्याला रोज जमते त्याच्या हातून लिहिले जात नाही, कालपर्यंत जो अडला होता त्यालाच ते लिहिता येते. पुढल्या वर्षीच्या मुलांसाठी ते प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवायलाही हरकत नाही. फक्त वर तारीख आणि कंपायलरची आवृत्ती लिहायला विसरू नये, कारण दोन-तीन वर्षांत त्यातले निम्मे बदललेले असेल.